तपकिरीच्या जागी लाल

इनॉक थ्वेटचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो बसमध्ये. उत्तर इंग्लंडात नेल्सनहून बर्न्लीला जाणाऱ्या बसवर तो कंडक्टर होता आणि मी कापडगिरणीत कामाला जाणारी, झोपेचं खोबरं झालेली पोरगी. "घट्ट धरा" असं तो म्हणायचा ते शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हातारीलाही ऐकू जायचं, आणि तरी हा माणूस ओरडतोय असं कधी वाटायचं नाही. पुढे ड्रायव्हरच तिकिटं द्यायला लागले आणि कंडक्टर घरी बसले. कुणी कारखान्यात लागलं, कुणी पिण्याच्या नादी लागलं. इनॉक आमच्या क्लबातल्या स्नूकरच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला आणि गुण पुकारायला लागला.

तिथून तो लीगमध्ये पंच झाला. लीग म्हणजे आठ नावाजलेले खेळाडू आणि हिवाळाभर दर आठवड्याला नवं गाव. माझा नवरा वारल्यावर इनॉकनेच मला तिथे ओढलं. तो टेबलाशी उभा राहायचा आणि मी बाजूच्या लहान मेजावर बसून गुण मांडायचे. माझं नाव विनिफ्रेड एंटविसल, पण मला विनिफ्रेड म्हणणारे सगळे आता कबरीत आहेत. इनॉकसाठी मी विन.

लोकांना वाटतं की अशा लीगचं आयुष्य फार झगमगीत असतं. त्यांना मी एकदा जानेवारीत ग्रिम्स्बीला नेलं पाहिजे. पोहण्याच्या तलावाशेजारचं क्रीडागृह, अंगात मुरलेला क्लोरीनचा वास, भिंतीला उभी करून ठेवलेली बॅडमिंटनची जाळी आणि मध्ये प्रकाशात न्हालेलं ते हिरवं टेबल. सामना संपला की व्हिनेगर घातलेले बटाट्याचे काप आणि तळलेला मासा कागदातून खायचा, मग कुणातरी विधवेच्या लॉजमधल्या आखूड पलंगावर पडायचं. इनॉक आधी बेसिनमध्ये आपले पांढरे हातमोजे धुवायचा आणि ते हीटरवर वाळत घालायचा. एकदा कार्लाइलच्या मालकिणीने विचारलं, "हे कुणा बाळाचे?" त्यावर तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही.

पंच म्हणून तो फार करडा होता. टेबलाला कंबर टेकणाऱ्या पंचाला तो पंचच मानायचा नाही. खेळाडूंशी हंगामात हसणं नाही, बसणं नाही, त्यांच्या हातचा चहासुद्धा नाही. मी म्हणायचे, "अरे, चहाने कुठे बॉल वाकडा जातो?" तो म्हणायचा, "बॉल नाही जात गं बाई. पण बघणाऱ्याला तसं वाटतं." मी माझा चहा प्यायचे.

नव्या गावात पोचल्यावर त्याचा एक रिवाज होता. प्रेक्षक यायच्या आधी तो रिकाम्या सभागृहात टेबलाशी उभा राहून आकडे पुकारायचा. "एक. आठ. नऊ." मी अगदी मागच्या रांगेत जाऊन बसायचे आणि आवाज नीट पोचला की हात वर करायचे. तो मान हलवायचा, आणि मग आम्ही कामाला लागायचो. हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

आठ खेळाडूंतला एक होता एमलिन प्रोसर, वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यातला, पन्नाशीला टेकलेला, बुटका, सभ्य माणूस. बॉलला बाही नुसती घासली तरी कुणी बघितलेलं नसताना सरळ उभा राहून "माझा फाऊल" म्हणायचा आणि जाऊन खुर्चीत बसायचा. आमच्या खेळात ही जुनी रीत आहे, पण ती पाळताना ज्यांचं तोंड कडू होत नाही असे मी थोडे पाहिले. ह्या एमलिनला लाल आणि तपकिरी वेगळे दिसत नसत, जन्मापासून. त्याला दिसायचे सोळाही बॉल एकाच रंगाचे, पंधरा लाल आणि त्यात कुठेतरी तपकिरी. ह्यात लपवाछपवी काही नव्हती, सगळ्या लीगला माहीत होतं. नियमच आहे की खेळाडूने रंग विचारला तर पंचाने सांगायचा.

"तपकिरी?" एमलिन हळूच विचारायचा.

"मधला," इनॉक म्हणायचा. किंवा, "तुझ्या हाताजवळचा."

इतक्या वर्षांत त्या दोघांत ह्यापलीकडे बोलणं झालेलं मी ऐकलं नव्हतं. पण इनॉकने बोट दाखवलं की एमलिन दुसऱ्यांदा बघत नसे. सरळ वाकायचा आणि मारायचा.

त्या वर्षी सप्टेंबरात लीगच्या व्यवस्थापकाने इनॉकला बोलावून सांगितलं की मार्चमधला अंतिम सामना तुझा. अंतिम सामना टीव्हीवर असायचा, म्हणून तो दरवर्षी एखाद्या देखण्या पंचाला जायचा आणि इनॉक घरी बसून बघायचा, चुका मोजायचा. बातमी सांगायला तो माझ्या दारात आला तेव्हा त्याने टोपी काढली नाही, आत आला नाही, नुसतं म्हणाला, "विन, मला दिलाय." मी त्याला मिठी मारली. तो खांबासारखा उभा राहिला, पण त्याचे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी मँचेस्टरला जाऊन त्याने नवे हातमोजे घेतले आणि पातळ कागदात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवले. अंतिम सामन्याआधी ते हातात घालायचे नाहीत असं ठरलं.

नोव्हेंबरात त्याने आमची व्हॅन चालवणं सोडलं. म्हणाला, गुडघा धरतो. मी चालवायला लागले. मग हॉटेलात तो म्हणायचा, "तू मागवशील तेच मला." मग एकदा चहा कपात ओतता ओतता बशीत ओतला. ह्यातलं एकेक वेगळं घेतलं तर काही नाही. साठीतल्या माणसाचं होतंच असं.

मोरकंबला एकदा सकाळी आमचं भांडण झालं होतं. कशावरून ते आता आठवत नाही, बहुतेक त्याच्या त्या गुडघ्यावरून. रिवाजाप्रमाणे तो आकडे पुकारायला उभा राहिला आणि मी मागे जाऊन बसले. त्याने पुकारलं. मी रागाने हात वर केलाच नाही, हाताची घडी घालून बसून राहिले. त्याने माझ्या दिशेला बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "हं, पोचतोय. चल."

माझ्या हाताची घडी अजून तशीच होती.

परत येताना डोंगरातल्या रस्त्यावर धुकं होतं. मी व्हॅन हळू चालवत होते आणि शेवटी विचारलं, "काय दिसतं तुला?"

"सगळं दिसतं. बघतो तेवढंच दिसत नाही."

"कोड्यात बोलू नकोस."

"तुझ्या तोंडाकडे बघितलं की तुझं नाक जातं. कान राहतात."

"नाक गेलं तर माझं फार काही बिघडत नाही."

"तेच मनात आलं होतं माझ्या."

"हसू नकोस! डॉक्टरकडे गेला होतास?"

"गेलो होतो. म्हणाला, डोळ्याचा पडदा मधोमध झिजतो. वय. औषध नाही." तो खिडकीबाहेर बघत बोलत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हल्ली तो बॉलकडे मान किंचित वळवून बघायचा ती ऐट नव्हती. कडेने बघितलं तरच त्याला दिसत होतं.

"आणि रंग?"

त्याने काचेवरची वाफ बाहीने पुसली. मग म्हणाला, "रंगांच्या जागा ठरलेल्या असतात. हिरवा, तपकिरी, पिवळा एका रेषेत. मधोमध निळा. पलीकडे गुलाबी, काळा. जागेवरून कळतं. जागा सोडली की मी डोळा ठेवतो कुठे गेला त्यावर."

"आणि डोळा चुकला तर?"

"नाही चुकणार. मार्चपर्यंत, विन. तो एक सामना होऊ दे. मग तू म्हणशील त्या चर्चमध्ये हातमोजे काढून ठेवतो."

"तू तर चर्चमध्ये जात नाहीस, मेल्या."

"म्हणून तर मोठी शपथ झाली ना."

त्याचा मला संताप आला होता, आणि त्याहून जास्त त्याच्याबद्दल वाईट वाटत होतं. दर आठवड्याला मी त्याला तेच ऐकवत राहिले आणि दर आठवड्याला तो म्हणत राहिला, मार्चपर्यंत. आणि खरं सांगायचं तर त्याने एकही चूक केली नाही. उलट त्याच्यासारखा डोळ्यात तेल घालून कुणी उभा राहत नव्हता.

फेब्रुवारीत स्कारबरोला समुद्रावरच्या नाट्यगृहात शनिवारी दुपारचा सामना होता. एमलिन प्रोसर विरुद्ध डीन मास्केल, लंडनचा गोरागोमटा पोरगा, केसाला तेल, तोंडात च्युइंगम. आमच्या लीगमध्ये आठ डाव खेळायचेच, मग कुणी आधीच पुढे गेलेलं असो. सात झाले होते, डीनकडे चार, एमलिनकडे तीन. शेवटचा डाव एमलिनने घेतला तर बरोबरी आणि एक गुण, आणि त्या एका गुणावर त्याची पुढच्या वर्षीची लीगमधली जागा. हरला तर बाहेर. ह्या वयात बाहेर गेलेला माणूस परत आत येत नाही, हे सभागृहातल्या सगळ्यांना माहीत होतं.

डीनने काळा बॉल जोरात मारला. काळा पॉकेटमध्ये गेला आणि पांढरा तसाच पुढे जाऊन कडेला विसावलेल्या बॉलच्या घोळक्यावर आदळला. तपकिरी त्या घोळक्यातच होता. इनॉक काळा काढायला पॉकेटकडे वळला. तेवढाच वेळ त्याची टेबलाकडे पाठ होती, आणि तेवढ्यात तपकिरी तीन लालांच्या मध्ये घरंगळला. एमलिन खुर्चीत बसून चष्मा पुसत होता. त्यानेही पाहिलं नाही.

डीनचा पुढचा नेम चुकला. एमलिन उठला, त्याने एक लाल घालवला. "एक," इनॉकने पुकारलं. आता नियमाप्रमाणे त्याला लाल सोडून कुठलातरी रंग घ्यायचा होता. बाकीचे रंग आड गेले होते, समोर फक्त तो घोळका. एमलिन इनॉकजवळ गेला. त्याचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही, पण तो काय विचारत होता ते सांगायला ऐकावं लागत नव्हतं.

इनॉकने मान जरा वळवली. परत दुसरीकडे वळवली. मग त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या मेजाच्या दिशेला. गुण मांडणाऱ्याने डाव चालू असताना तोंड उघडायचं नसतं. मी मेजाची कड धरून बसले होते. शेवटी तो एमलिनच्या कानाशी वाकला आणि त्याने बोट दाखवलं.

एमलिनने दुसऱ्यांदा बघितलं नाही. वाकला आणि मारला. बॉल सुरेख गेला, पॉकेटच्या कडेला स्पर्शसुद्धा न करता.

"पाच," इनॉकने पुकारलं, लालचा एक आणि तपकिरीचे चार. तो आवाज, बसमधला, शेवटच्या रांगेपर्यंत गेलेला.

गेला होता तो लाल होता.

सभागृहात आधी कुणाला कळेना. लालनंतर लाल घालवणं ही चूक आमच्याकडे शाळकरी पोरंही करत नाहीत. मागे कुणीतरी हसलं. इनॉकने पॉकेटमध्ये हात घालून बॉल काढला, पुसला आणि रंग परत जागेवर ठेवायचा असतो तसा तो घेऊन टेबलाच्या खालच्या टोकाला गेला. हिरवा आणि पिवळा ह्यांच्या मधोमध, तपकिरीच्या जागी, त्याने तो लाल बॉल ठेवला. नीट ठेवला, बोटाने जरासा फिरवून. मग मागे सरून हात पाठीशी घेऊन उभा राहिला.

हसणं थांबलं. टेबलावरच्या दिव्यांखाली दोन माणसं उभी होती, एक पंच आणि एक खेळाडू, दोघंही निवांत. दोघांच्याही दृष्टीने सगळं जिथल्या तिथे होतं. ते तसं नाही हे अंधारात बसलेल्या चारशे माणसांना दिसत होतं. असं शांत सभागृह मी त्याआधी पाहिलं नाही, आणि मला परत बघायचं नाही. एमलिन पुढच्या नेमासाठी काठीच्या टोकाला खडू घासत होता.

मी उठले. डाव चालू असताना मी कधीच उठले नव्हते. टेबलापाशी गेले, इनॉकच्या बाहीला धरलं आणि म्हणाले, "इनॉक, तो लाल आहे रे."

"कुठला?"

"तू आत्ता ठेवलास तो."

त्याने बॉल उचलला, हातमोज्याच्या पांढऱ्यावर धरला आणि डोळ्याच्या अगदी कोपऱ्याजवळ नेला. त्याचा हात हलला नाही. चेहरा मात्र एकदम म्हातारा झाला.

एमलिनला तेव्हा कळलं. तो क्यूची काठी टेबलाला टेकवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझा फाऊल. मी भलताच बॉल मारला. सात गुण मास्केलना." आणि जाऊन खुर्चीत बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस खोटं बोलला, आणि तेही आपल्या जागेवर पाणी सोडून. ते सात गुण दिले असते तर डाव तिथेच संपल्यात जमा होता. आणि इनॉकला नुसतं "फाऊल, सात" म्हणायचं होतं. लोकांनी बोटं एमलिनकडे दाखवली असती, म्हातारा भांबावला म्हणाले असते. बॉल चुकीच्या जागी ठेवला त्यावरही काहीतरी पांघरूण पडलं असतं, आणि मार्च फार लांब नव्हता.

इनॉक सरळ उभा राहिला.

"फाऊल," तो म्हणाला. "पंच."

असा फाऊल आमच्या नियमांत नाही. कुणी कधी पुकारलेला नाही. सभागृहाला वाटलं, पुढे काही आहे. म्हणून तो परत बोलला, तितक्याच स्वच्छ आवाजात. "प्रोसर ह्यांनी मला तपकिरी कुठला ते विचारलं. तो त्यांचा हक्क आहे. मी चुकीचा सांगितला. मला आता रंग ओळखता येत नाहीत. बॉल होते तसे ठेवून प्रोसर ह्यांनी पुन्हा खेळावं, मास्केल ह्यांची हरकत नसेल तर."

डीनने च्युइंगम चघळणं कधीच थांबवलं होतं. "ठेवा परत, मिस्टर थ्वेट," तो म्हणाला. "मला नकोत असले सात." त्या दिवसापासून त्या पोराच्या केसातलं तेल मी माफ केलं.

इनॉकने हातमोजे काढले. डावा, मग उजवा. माझ्याकडे पंचाचा परवाना होता, तो त्यानेच घ्यायला लावला होता. "घाल," तो म्हणाला. मला ते मोठे होत होते आणि आतून उबदार होते. तो माझ्या मेजापर्यंत हाताने चाचपत गेला नाही, नेहमीच्याच चालीने गेला आणि खुर्चीत बसला.

एमलिन टेबलाशी आला. "तपकिरी?" त्याने मला विचारलं, आणि त्याचा आवाज फाटला. मी सांगितलं. त्याने मारला तो चुकला. डाव डीनने घेतला.

सामन्यानंतर मी आत गेले तर इनॉक बेसिनशी उभा राहून मी परत केलेले हातमोजे धूत होता. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. एमलिन दारात आला.

"खोटं का बोललास?" इनॉकने मागे न वळता विचारलं.

"खोटं कसलं? बॉल मी मारला, चुकीचा होता, फाऊल माझा."

"मी दाखवलेला बॉल होता."

"मग तुझ्यावर भरवसा ठेवला ही माझी चूक. परत फाऊल माझाच."

इनॉकचे खांदे हलले. तो हसतोय की काय करतोय ते मला कळलं नाही. एमलिनने थर्मासमधून झाकणात चहा ओतला आणि पुढे केला. इनॉक ओल्या हातांनी तसाच थांबला. मी बघत होते. तो आता कुणाचा पंच नव्हता. त्याने झाकण घेतलं आणि चहा प्यायला, आणि मी बाहेर जाऊन व्हॅनमध्ये बसून पोटभर रडले.

अंतिम सामन्याला पंच दुसराच कुणीतरी होता. मी गुण मांडले, आणि तो घरी बसला. नवे हातमोजे कागदातच राहिले.

ह्याला आता दोन हिवाळे झाले. एमलिनला लीगमध्ये परत जागा मिळाली नाही. महिना-दोन महिन्यांनी तो वेल्सहून गाड्या बदलत आमच्या नेल्सनला येतो, म्हणतो की तिकडची टेबलं वाईट आहेत. तिकडची टेबलं आमच्यापेक्षा चांगली आहेत. गेल्या बुधवारी दुपारी क्लबात आम्ही तिघंच होतो, आणि बारच्या काउंटरशी डोमिनोच्या सोंगट्या खेळणारे दोन म्हातारे. इनॉकला आता उजेड आणि सावली एवढंच दिसतं. मी बघितलं तर त्याच्या हातात ते मँचेस्टरचे हातमोजे होते. कागदाच्या घड्या अजून त्यांवर उमटलेल्या होत्या.

एमलिन वाकला. बॉल पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज आला.

"काय गेलं?" इनॉकने विचारलं.

एमलिन पॉकेटमध्ये डोकावला. "मला काय विचारतोस? लाल असेल. नाहीतर तपकिरी."

"बघून सांग की."

"बघूनच सांगतोय, गाढवा!"

दोघंही माझ्याकडे वळले. एकाला मी दिसत नव्हते, दुसऱ्याला मी सोडून कुणी सांगणारं नव्हतं. माझ्या तोंडात मांस भरलेल्या गरम पेस्ट्रीचा घास होता. तो कसाबसा गिळला.

"लाल आहे," मी म्हणाले. "लाल आहे रे बाबांनो."

इनॉकने हात पाठीशी घेतले. टेबलापासून एक पाऊल मागे सरला, कंबर कुठेही न टेकता. डोमिनोवाले मान वर करून बघायला लागले.

"एक," त्याने पुकारलं.

मी हात वर केला.